ठाणे ते डोंबिवली, एक ओळ

मावशींचं आडनाव मला माहीत नाही. पाच वर्षं रोज संध्याकाळी तास-सव्वा तास आम्ही मांडीला मांडी लावून बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींच्या सासवांची दुखणी तोंडपाठ केली. पण आडनाव विचारायचं राहून गेलं. गाडीतल्या मैत्रीत ते विचारत नाहीत. तिथे बाई ओळखली जाते ती उतरायच्या स्टेशनावरून, नाहीतर डब्यातल्या भाजीवरून. अख्खा लेडीज डबा त्यांना मावशी म्हणायचा, मीही म्हणायला लागले.

व्हीटीहून सहाच्या सुमाराला सुटणारी बदलापूर फास्ट. स्टेशनाचं नाव १९९६ सालीच बदललं होतं, पण मावशींच्या तोंडी शेवटपर्यंत व्हीटीच राहिलं. त्या उतरायच्या डोंबिवलीला. हे मुद्दाम सांगते, कारण बदलापूर गाडीत डोंबिवलीच्या माणसानं बसणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. तुम्हाला तुमच्या गाड्या आहेत, मग आमची जागा कशाला अडवता, यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत; एक तर स्वतः केलंय. मावशींना मात्र कुणी कधी काही बोललं नाही. वीस वर्षं त्या आमच्या गाडीत, आमच्या खिडकीत बसून गेल्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा ट्रंक कॉल हातानं जोडून द्यावे लागत. समोर न बघता कुठली वायर कुठल्या भोकात जाते हे बोटांना कळायचं, असं त्या सांगायच्या. आवाजही तसाच होता, घोळक्यातून नेमका ऐकू येणारा.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन बदलापूरला आले आणि फोर्टातल्या एका विमा कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसले. घर ते व्हीटी ६८ किलोमीटर. लेक झाली २००२ साली. तिला वरचं दूध सुरू केलं आणि घरात वादळ आलं. अंगभर गांध्या, उलट्या, ओठ सुजलेले. डॉक्टरांनी सांगितलं, दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. गाईचं नको, म्हशीचं नको, शेळीचंसुद्धा नको. दही, ताक, लोणी, खवा, सगळं बंद. बहुतेक मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर येतात, असंही ते म्हणाले, पण ते वाक्य तेव्हा माझ्या कानात शिरलं नाही. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, ‘दुधाशिवाय पोर वाढतं होय?’ ते मात्र नीट शिरलं.

रजा संपवून कामावर रुजू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. गाडीत उभी राहून मी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. पुन्हा पुन्हा तेच, कुठेतरी दुधाची भुकटी लपलेली असणार म्हणून. खिडकीतून आवाज आला, ‘काय गो, परीक्षा आसा काय?’

मी सांगायला लागले आणि रडायलाच लागले. कुर्ल्याला एक बाई उतरली तिच्या जागी मावशींनी मला ओढून बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, ‘दूद कित्याक होया? नारळ आसा मा!’

त्या मालवणकडच्या. लहानपणी त्यांच्या दारात गाय होती, पण तिच्या दुधात वासराचं भागायचं आणि आजोबांचा चहा व्हायचा. सणासुदीला गोडाधोडाला नारळाचाच रस. हे त्यांच्याकडे पथ्य नव्हतं, दारिद्र्यही नव्हतं. स्वयंपाकच तसा होता. आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो, मग त्याची खिरापत होते, आणि तिथे त्याचं कर्तव्य संपतं. आमटीत घालायचं ते शेंगदाण्याचं कूट. नारळ नेमका कसा खवायचा हेही मला धड येत नव्हतं.

दिवाळीत गावी जाऊन मावशी परत आल्या त्या एक बोजड पुडकं घेऊन. वर्तमानपत्रात, मग पोत्यात, मग साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. कोकण रेल्वेनं मुंबईपर्यंत आणि मग ऑफिसातून आमच्या गाडीपर्यंत त्यांनी ते वाहून आणलं होतं. आत फणसाच्या लाकडाचा आडाळो. आपण विळी म्हणतो ती, पण पाट चांगला ऐसपैस, मांडी घालून त्यावर बसता येईल असा, आणि पात्याच्या टोकाला खोवणीचं दातेरी फूल. मी पैसे किती म्हणून विचारलं. ‘सवडीन फेड,’ त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी हिशेबाची माणूस. त्या रात्री डायरीत लिहिलं: देणे, मावशी, आडाळो एक.

पहिल्या दिवशी नारळाबरोबर बोटही खवलं. मग गाडीत रोज थोडी थोडी शिकवणी झाली. नारळ करवंटीच्या कडेकडेनं फिरवायचा, तळाशी जायचं नाही, नाहीतर काळी पाठ खवली जाऊन रस कळकट होतो. कोमट पाणी घालून वाटायचं, पंचातून पिळायचं. पहिला रस घट्ट, एका नारळाचा जेमतेम वाटीभर, तो बाजूला. चोथ्यात पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचं, तो दुसरा. शिजवायला दुसरा वापरायचा, पहिला अगदी शेवटी, आणि तो घातल्यावर खदखदू द्यायचं नाही. ‘रसाक कड आणू नको,’ हे त्यांनी इतक्यांदा बजावलं की अजूनही गॅस बारीक करताना मला मालवणीतच ऐकू येतं. कढ आला की रस फुटतो, तेल वर आणि चोथा खाली.

लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा वाटी चाटूनपुसून संपवली ती शिरवाळ्यांची. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात सोडायचे आणि गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडायच्या. वर गूळ-वेलदोडा घातलेला रस. उकड गार झाली की साचा दाबताना खांदा निखळतो. नवरा साच्यावर लोंबकळायचा आणि मी खाली ताटली धरायची, अशी आमची रविवार सकाळ व्हायची. नारळाचा रस म्हणजे दूध नव्हे, त्यात प्रथिनं नावालाच असतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट केलं होतं. म्हणून डाळी, शेंगदाणे, तीळ. आणि नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीचं सत्त्व आणि दुसरा रस ही लेकीची रोजची न्याहारी झाली. मी मावशींना सोलापुरी शेंगाचटणी दिली, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, जरा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, ‘बरी आसा. ह्येच्यात खोबरा घालूक होया होता.’

आणि गंमत अशी की हे सगळं शिकवणारी बाई पक्की मासेखाऊ. बांगड्याच्या तिखल्याचं वर्णन करताना त्यांचे डोळे ओले व्हायचे. पण आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी मासळी बंद. ‘पावसात मासे पण रजेर आसतत,’ म्हणायच्या. त्या चार महिन्यांत त्यांचा डबा बघण्यासारखा असे. मोड आलेले वाल दुपारी ऑफिसात गरम पाण्यात टाकून ठेवायच्या आणि येताना गाडीत सोलायला काढायच्या. दादर गेलं की डबा उघडायचा. आम्ही चौघी-पाचजणी बोटांनी वाल चिमटत बसायचो, साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे. सालं पिशवीत. जमिनीवर एक साल पडलं तर मावशी वाकून उचलायच्या आणि जिच्या हातून पडलं तिच्याकडे बघायच्याही नाहीत, त्यामुळे तिला जास्त लागायचं.

डाळिंब्या संपल्या की विणकामाची पिशवी निघायची. क्रोशाची सुई, पांढऱ्या दोऱ्याची गुंडी आणि अर्धवट रुमाल. त्या एकच वीण करायच्या, चौकटीची: साखळ्या आणि खांब, भरीव घर आणि पोकळ घर. भरीव घरांतून चित्र उमटतं. वेळ त्या घड्याळात मोजतच नसत. डाळिंब्या दादर ते ठाणे, विणकाम ठाणे ते डोंबिवली. ‘आजची ओळ झाली’ म्हणत पर्समध्ये रुमाल कोंबायच्या तेव्हा गाडी डोंबिवलीत शिरत असायची, आणि दारातल्या बायका त्यांना वाट करून द्यायच्या.

मला विणकाम आलं नाही. त्यांनी दोनदा सुई हातात दिली, दोनदा माझ्या खांबांनी कमरेत वाकून दाखवलं. मग एकदा बोलता बोलता मी सांगितलं की शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट दिली होती, ‘ए’ ग्रेड होती. लग्नानंतर ब्रश धरला नव्हता. वेळच नाही हो, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे आलेखवही टाकली. शाळेतली, बारीक चौकटींची, दोन रुपयांची. ‘पोपट काड.’

चौकटींतून पोपट काढणं म्हणजे चित्रकलेतलं सगळं विसरणं. गोलाई नाही, छटा नाही. घर काळं किंवा पांढरं. पाठीचा बाक पायऱ्या पायऱ्यांनी आणायचा, आणि लांबून बघितलं की पायऱ्या नाहीशा व्हायला हव्यात. माझा पहिला पोपट कोंबडीसारखा झाला. चौथा जमला. मावशींनी तो विणायला घेतला आणि तेव्हापासून आमचा कारखाना सुरू झाला. मी रोज एक ओळभर नक्षी भरायची, फार तर दोन, कल्याण ते बदलापूर, त्या उतरून गेल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या जागेत. मोर झाले, कमळ झालं, हत्ती झाले. डब्यातल्या तीन मुलींच्या रुखवतात आमचे रुमाल गेले. तेव्हा कुणी मला तुझा छंद कोणता विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंबरनाथ, म्हटलं असतं.

आता नेमाची गोष्ट. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून त्याआधी एकदा पोटभर खाऊन घ्यायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. त्या दिवशी आमच्या डब्यात इतकी कांदाभजी असायची की शेजारच्या जनरल डब्यातले पुरुष जाळीतून वास घ्यायचे. भजी खाता खाता प्रत्येकीनं आपला चार महिन्यांचा नेम मोठ्यानं सांगायचा, अशी मावशींनी पाडलेली पद्धत होती.

पहिल्या वर्षी मी पाच नेम सांगितले. पहाटे उठून चालणं, रोज एक चित्र, रोज डायरी, कांदा-लसूण बंद, आणि चिडायचं नाही. डबा टाळ्या वाजवत होता. मावशींनी भजं संपवलं, बोटं पुसली आणि विचारलं, ‘ताप इलो तरी जमतला काय?’

नागपंचमीपर्यंत चार नेम गळाले होते. पाचवा, न चिडण्याचा, दुसऱ्याच दिवशी.

त्यांचे स्वतःचे नेम ऐकून हसू यायचं. एका वर्षी, ताटात वाढल्यावर वरून मीठ घ्यायचं नाही. एका वर्षी, दुसरीच्या साडीची किंमत विचारायची नाही. आणि एका वर्षी, खिडकी सोडायची. वीस वर्षांची खिडकी. चातुर्मासभर त्या चौथ्या सीटवर बसल्या. मुंबईबाहेरच्यांना सांगायला हवं, तिघांच्या बाकड्यावर चौथी बाई टेकते ती जागा. अर्धं अंग अधांतरी, पाय वाटेत, येणारीजाणारीची पर्स डोक्यावर. मी उठून जागा द्यायला लागले तर म्हणाल्या, ‘माका नको हां, माझो नेम आसा.’ मग जरा पुढे झुकून हळूच, ‘आणि पावसात खिडकी गळता.’

दुसऱ्या वर्षी मी एकच नेम घेतला: रोज चौकटींची एक ओळ. तो टिकला. तापातही टिकला, कारण ताप आला त्या दिवशी मी पूर्ण ओळ पांढरी सोडली. ओळ ती ओळ. मावशींनी ती तशीच विणली, नुसती पोकळ घरं. त्या रुमालात कमळाच्या वर एक जाळीची पट्टी आहे, ती माझा मलेरिया.

भाजीचं सगळंच काही मावशींकडून आलेलं नाही. बदलापूर स्टेशनाबाहेर पावसाच्या तोंडावर ठाकर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. पहिल्यांदा मी शेवळं नेली ती नुसती दिसायला छान म्हणून. विकणारी म्हणाली, काकडं पण घे. मला वाटलं, गळ्यात मारतेय. घेतली नाहीत. रात्री आम्ही तिघंही घसा खाजवत बसलो. सासूबाई, ज्यांना मी विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं, त्या शांतपणे दही-भात खात होत्या. शेवळांची खाज काकडांच्या आंबटानं मरते, हे मला मग कळलं. दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी गेले तर तिनं माझं तोंड बघूनच मूठभर काकडं पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांना शेवळं ठाऊकच नव्हती. वहीत लिहून घेतली त्यांनी, काकडांसकट.

ठाण्यानंतर फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ साली खुला झालेला, १.३ किलोमीटरचा बोगदा. हवा एकदम गार व्हायची, आवाज वाढायचा, बोलणी थांबायची. मावशींचा एक खेळ होता. बोगदा आला की डोळे मिटायचे आणि विणत राहायचं. पलीकडे उजेड आला की डोळे उघडून घरं मोजायची. क्वचित चुकायच्या. मी विचारलं, हे कशाला? ‘हातांका दिसता,’ त्या म्हणाल्या. ‘डोळे कित्याक?’

२००५ सालच्या आषाढी एकादशीला मी त्यांना पोपटांची नवी नक्षी दिली होती. दोन पोपट समोरासमोर, चोचीत एकच पेरू. त्यांचा नेम तेव्हा ओळीचाच होता. एकादशी झाली आणि नऊ-दहा दिवसांत २६ जुलै आला.

त्या दिवशीचं आकडेवारीतलं सत्य सगळ्यांना पाठ आहे: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्यापुरतं सांगायचं तर ऑफिसं लवकर सुटली, आम्ही दोघी नेहमीपेक्षा आधीच्या गाडीत चढलो, आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. आधी पाणी रुळांवर होतं, मग रूळ दिसेनासे झाले. अंधार पडला. थोड्या वेळानं डब्यातले दिवे गेले. मोबाइल ज्यांच्याकडे होते त्यांचे लागत नव्हते. मला एकच दिसत होतं, लेक तीन वर्षांची, वीज नाही, घरात कोंडलेली, आणि शेजारचं कुणीतरी प्रेमानं तिच्या हातात दुधाचं बिस्किट देतंय.

माझ्या पर्समध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणीची बाटली होती, मावशींसाठी आणलेली. ती डब्यात फिरली. एकीकडे भिजवलेले वाल होते. कच्चे वाल कुणी खाल्ले नाहीत, पण सोलून मात्र झाले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. एक मुलगी ओकत होती, एक म्हातारी सारखा एकच अभंग अर्धा म्हणून थांबत होती. मी रडत होते की नव्हते ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की काळोखात माझ्या डाव्या दंडाला मावशींच्या कोपराचा बारीक, एकसारखा धक्का लागत होता. टक, टक, टक. बराच वेळ मला कळेना ते काय आहे. मग कळलं. त्या विणत होत्या.

‘मावशी, दिसतंय काय तुम्हाला?’

‘गप बस. मोजतंय.’

मध्येच त्या थांबायच्या, अंगठ्यानं मागची घरं चाचपायच्या, हळू आवाजात आकडे म्हणायच्या, पुन्हा सुरू. मला वाटतं मीही त्यांच्याबरोबर मोजायला लागले. भरीव दोन, पोकळ पाच, भरीव एक. नक्षी माझी होती, मला पाठ होती. एकदा त्या अडखळल्या तेव्हा मी सांगितलं, ‘आता चोच, मावशी.’ त्यांनी चोच घातली. ओळ संपली तेव्हा बाहेर पाऊस तसाच होता.

उजाडल्यावर आम्ही रुळांवरून चालायला लागलो. मांडीइतकं पाणी, हातात चपला, ठाण्यापर्यंत जवळजवळ वीस किलोमीटर. पुढे त्या डोंबिवलीकडे गेल्या, मी कल्याणला एका ओळखीच्या घरी अडकले, कारण उल्हास नदीनं पलीकडे सगळं गिळलं होतं. घरी पोचले ती तिसऱ्या दिवशी. लेक झोपली होती. स्वयंपाकघरात ओट्याखाली आडाळो आडवा, शेजारी चार रिकाम्या करवंट्या. सासूबाई म्हणाल्या, ‘मिक्सर कुठला चालतोय? पाट्यावर वाटलं.’ बिस्किटं शेजारच्यांनी आणली होती, ती त्यांनी मोलकरणीच्या मुलांना देऊन टाकली होती. दुधाशिवाय पोर वाढतं होय, हे वाक्य त्यानंतर त्या घरात उच्चारलं गेलं नाही. मी कधी आठवणही करून दिली नाही. पाट्यावर नारळ वाटलेल्या हातांना काय आठवण करून द्यायची.

मावशींनी तो रुमाल पुढे विणला नाही. दुसरे घेतले, पूर्ण केले. पोपटांचा मात्र पिशवीच्या तळाशी राहिला. विचारलं तर म्हणायच्या, ‘बगूया.’

२००८ साली त्या निवृत्त झाल्या. आदल्या दसऱ्याला डब्याची पूजा झाली तेव्हा दारावर त्यांनी विणलेलं तोरण लावलं होतं. ते चार दिवसांनी कुणीतरी नेलं, आणि मावशी म्हणाल्या, ‘जावंदे, लग्नघर असात.’ शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना खिडकीत बसवून ओटी भरली. मी पाकिटात पैसे घालून आणले होते, आडाळ्याचे, अंदाजानं. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. माझ्या पिशवीत परत टाकलं आणि त्यावर पोपटांचा रुमाल ठेवला, सुई अडकवलेली तशीच. ‘पुरो कर.’

‘मला येत नाही, मावशी.’

‘येतला.’ गाडी डोंबिवलीत शिरत होती, बायका वाट करून देत होत्या. गावी जाऊन राहणार होत्या, तिकडचा नंबर कळवते म्हणाल्या. कळवला, वर्षभर आम्ही बोललो, मग तो नंबर लागेनासा झाला.

रुमाल बारा वर्षं कपाटात. लेक दरम्यान सहाव्या वर्षी ॲलर्जीतून बाहेर आली, तूप-भात खाल्ला, पनीरवर तुटून पडली. डायरी दर वर्षी नवी यायची, आणि दर वर्षी पहिल्या पानावर मी मागील पानावरून पुढे ओढायची: देणे, मावशी, आडाळो एक. कंपनीत असं खातं मी कधीच निर्लेखित करून टाकलं असतं.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि मी घरी बसून ऑफिस करू लागले. रोजचे तीन तास हातात आले होते आणि एकही ओळ होत नव्हती. ठाणं येत नव्हतं, बोगदा येत नव्हता, काहीच कुठे संपत नव्हतं. एक दिवस कुकर लावला होता, वालाचं बिरडं करायचं होतं, आणि मी शिट्ट्यांची वाट बघत उभी होते. रुमाल काढला. पहिली शिट्टी होईपर्यंत सहा घरं. खांब वाकडे होते, पण उभे होते. मोबाइलवर बघून, उसवून, पुन्हा घालून, मी हळूहळू शिकले. भाताच्या तीन शिट्ट्यांत पाव ओळ, चण्यांच्या सातांत अर्धी. त्या वर्षी आमच्या घरी कडधान्यं फार शिजली. २०२१ च्या कार्तिकीला शेवटचा दोरा कापला.

मग तो पाठवावा म्हणून गाडीतल्या जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं: मावशींचा पत्ता कुणाकडे आहे? उत्तरं भराभर आली. मालवणजवळ कुठेतरी. नाही, आचऱ्याकडे. अगं, वेंगुर्ला. एकीनं विचारलं, त्यांचं आडनाव काय होतं? त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकीनं फोटो टाकला: अर्धवट रुमाल, हत्ती, सुई अडकवलेली. ‘मला दिलेला. पुरा कर म्हणाल्या होत्या.’ संध्याकाळपर्यंत असे आणखी दोन आले. एकात मोर होता, माझाच, मान नसलेला.

लेक आता बंगळुरूला नोकरी करते. दुधाचं बंधन सुटून बरीच वर्षं झाल्यावर तिनं स्वतःहून दूध सोडलं, गाई-म्हशींच्या हालांवरचं काहीतरी वाचून. तिच्या तोंडी तो शब्द असतो, व्हीगन, १९४४ साली इंग्लंडमध्ये घडवलेला. ओटच्या दुधाचा खोका दाखवून ती मला किंमत सांगते आणि मी गप्प बसते. मागच्या आषाढात घरी आली होती. म्हणाली, आई, काहीतरी पारंपरिक प्लांट-बेस्ड कर ना. मी शिरवाळे केले. साच्यावर तिचा बाबा लोंबकळला, आता त्याचा खांदा खरंच दुखतो.

ताटाखाली मी पोपटांचा रुमाल घातला होता. खाऊन झाल्यावर ती त्यावरून बोट फिरवत बसली. खालची अर्धी वीण घट्ट, एकसारखी. वरची माझी, सैल, कुठे फुगलेली. मधली एक ओळ दोन्हींसारखी नव्हती. तिथे डाव्या पोपटाची चोच एक घर जास्त पुढे आली आहे, पेरूच्या आत घुसल्यासारखी. तिचं बोट तिथे थांबलं.

‘आई, या पोपटाला काय झालंय इथे?’

‘कुर्ला,’ मी म्हटलं.